गावकुसाबाहेरचा उकिरडा : कचऱ्याच्या इतिहासावर एक दृष्टिक्षेप

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कचऱ्यावर लेख, हे पाहून काही बंधू-भगिनींच्या कपाळाला आठ्या पडतील. स्मरणिका म्हटली की धम्म, चळवळ, शिक्षण, आरक्षण असे विषय आपल्याला अपेक्षित असतात. कचरा हा काय लिहिण्याचा विषय झाला? पण इतिहासाचं एक आहे. राजे-महाराजांच्या लढायांमधून जेवढा समाज कळतो, तेवढाच तो समाज आपली घाण कुठे टाकत होता आणि ती उचलायला कुणाला लावत होता, यावरूनही कळतो. किंबहुना अधिकच कळतो. आणि हा विषय आपल्याला परका नाही. या देशात घाण आणि माणूस या दोघांनाही गावाबाहेर ठेवण्याची जी रीत होती, तिचे चटके आपल्याच वाडवडिलांनी सोसलेले आहेत. म्हणून हा इतिहास आपण सांगायचा नाही तर कुणी सांगायचा?

उकिरडा म्हणजे संपत्ती

जुन्या खेड्यात आजच्या अर्थाने कचरा नव्हताच म्हटलं तरी चालेल. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण-मूत, भुसकट, पालापाचोळा, खरकटं. यातलं खरकटं जनावराच्या पोटात जायचं आणि बाकीचं उकिरड्यावर पडायचं. वर्षभरात उकिरड्याचं खत व्हायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर बैलगाडीत भरून ते शेतात जायचं. ज्याचा उकिरडा मोठा त्याचं पीक चांगलं, असा साधा हिशोब होता. लुगडं फाटलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पोतेरं. मडकं फुटलं तर त्याची खापरी मातीत मिसळून जायची.

गावठाणाला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतीला ‘काळी’. गावाची जमीन पांढरी का? तर शेकडो वर्षं तिथं माणसं राहिली, त्यांच्या चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि उकिरडे एकावर एक साचत गेले, म्हणून. जुन्या ओसाड गावाच्या पांढरीची माती शेतकरी खणून नेत आणि आपल्या काळीत टाकत, इतकी ती कसदार. इनामगाव, दायमाबाद, तेर इथं उत्खनन करणाऱ्यांना आपल्या पूर्वजांचं जगणं समजलं ते पुष्कळसं अशाच थरांमधून. राख, हाडं, खापऱ्या आणि जळके दाणे. म्हणजे हजारो वर्षांचा कचरा जमिनीने पोटात घेतला आणि उलट जमीनच सुपीक झाली.

हे सांगायचं कारण असं की, “आपल्या लोकांना पहिल्यापासून घाणीची सवयच आहे” असं जे सर्रास बोललं जातं, ते इतिहासाला धरून नाही. शेत-शिवार नासलं ते सवयीमुळे नव्हे. कचऱ्याची जात बदलली, त्याचं प्रमाण बदललं, पण तो टाकायची रीत मात्र जुनीच राहिली. आणि त्या जुन्या रीतीत एक मोठी खोट पहिल्यापासून होती.

गावकूस आणि हाडकी

ती खोट म्हणजे गावकूस. जे कुजून खत होतं ते गावाने स्वतःकडे ठेवलं. जे कुजताना दुर्गंध देतं, ज्याला हात लावायला मन घेत नाही, ते मात्र गावाबाहेर काढलं. मेलेलं जनावर ओढून नेणं हे महारांचं काम ठरवलं गेलं. ते काम रोख मजुरीचं नव्हतं, ते वतन होतं! त्याच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीला ‘हाडकी-हाडोळा’ म्हणत. नावातच सगळा इतिहास आला. महारवाडा बहुतेक गावांत पूर्वेच्या अंगाला. वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा तिकडचा वारा गावावरून वाहू नये अशी ही व्यवस्था, असं जुनी माणसं सांगत. थोडक्यात, घाण गावाबाहेर, घाण उचलणारा गावाबाहेर आणि घाण करणारा मात्र गावात, सोवळ्यात.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेच्या मुळावरच घाव घातला. 1927 सालच्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी आपण सर्वजण आठवतो. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, ही लाजिरवाणी कामं सोडा, असं बाबासाहेबांनी बजावलं, हे तितकंसं आठवत नाही. 1928 साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचं बिल मांडलं. गावोगावी आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं, तेव्हा बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या, दाणापाणी बंद झालं. तरी माणसं मागं हटली नाहीत. अखेर 1958 च्या कायद्याने ही वतनं रद्द झाली.

त्या लढ्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. स्वच्छता नको, असं बाबासाहेबांचं म्हणणं नव्हतं. त्यांच्याइतका टापटिपीचा माणूस विरळा. पण तुमची घाण आमच्या जन्माला चिकटवू नका, हे त्यांचं म्हणणं होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढचा इतिहास वाचला म्हणजे एक नवल दिसतं. खेड्यातलं गावकूस कायद्याने मोडलं, पण शहरांनी ते नव्याने बांधलं!

प्लेग आणि कचऱ्याची आगगाडी

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबई हादरली. गिरण्या ओस पडल्या, माणसं गावाकडे पळाली. गोऱ्या सरकारला कधी नव्हे ती शहराच्या घाणीची जाग आली. 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आणि मुंबईचा कचरा शहरात ठेवायचा नाही, दूर न्यायचा, असं ठरलं.

दूर म्हणजे कुठे? तर त्या वेळच्या शहराच्या हद्दीबाहेर, चेंबूरपलीकडे खाडीच्या काठावरच्या देवनार गावात. तिथली 823 एकर दलदलीची जमीन 1897 साली घेतली गेली आणि 1899 पासून रेल्वेच्या वाघिणींतून शहराचा कचरा तिथं जाऊन पडू लागला. लोक तिला कचऱ्याची गाडी म्हणत. आज हार्बर लाईनवर कुर्ल्याहून चेंबूर-गोवंडीकडे जाताना आपण ज्या मार्गाने जातो, त्या मार्गाचा जन्मच मुळी कचरा वाहण्यासाठी झाला. माणसांना त्या मार्गावर जायला मिळालं ते 1924 साली. कचरा आधी, माणूस मागून!

त्या वेळी देवनार म्हणजे निव्वळ खेडं होतं. खाजण, मिठागरं, कोळ्यांची वस्ती, थोडीफार शेती. तिथल्या रहिवाशांना कुणी विचारलं असेल का, की बाबांनो, अख्ख्या मुंबईची घाण तुमच्या दारात आणून टाकू का? खेड्याच्या बाबतीत ‘बाहेर’ या शब्दाचा अर्थ नेहमी असाच असतो. शहरासाठी जे बाहेर, ते कुणाचं तरी घर असतं.

डोंगराच्या पायथ्याशी

पुढे शहर वाढत वाढत देवनारपर्यंत आलं. पण कोण आलं तिथं राहायला? ज्यांना शहरात जागा नव्हती ते. 1971 साली बांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलवला गेला. सत्तरच्या दशकात मुंबईत ठिकठिकाणी झोपड्या तोडल्या गेल्या आणि तिथल्या माणसांना ट्रकमध्ये भरून शिवाजीनगर-बैंगनवाडीकडे आणून सोडण्यात आलं. 1976 मध्ये मानखुर्दची जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना चिता कॅम्पला हलवलं गेलं. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून जी कुटुंबं पुण्या-मुंबईला आली, त्यांतल्या अनेक आयाबहिणींनी पोटासाठी कागद, काच, पत्रा वेचला. त्यांत आपला समाज किती होता, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे चक्र पुरं झालं. हाडकी-हाडोळा सोडून माणूस शहरात आला आणि शहराने त्याला पुन्हा उकिरड्याच्या पायथ्याशी नेऊन बसवलं.

देवनारचा ढीग वाढत गेला. आज तो इमारतीएवढा, काही ठिकाणी अठरा मजल्यांएवढा उंच झाला आहे असं सांगतात. 28 जानेवारी 2016 रोजी या ढिगाला मोठी आग लागली. अनेक दिवस ती धुमसत होती. धूर इतका की तो उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा आपोआप कसा पेटतो, असं पुष्कळांना वाटतं. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय तो सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. हा वायू जळणारा. वर प्लास्टिक, रबर, चिंध्या असतातच. एक ठिणगी पुरे. आणि मग जो धूर निघतो तो लाकडाच्या धुरासारखा नसतो, विषारी असतो. 2009 साली मुंबईचा मानव विकास अहवाल निघाला होता. त्यात देवनार-गोवंडी ज्यात येतात तो एम-पूर्व विभाग सगळ्यांत खाली होता. तिथल्या लोकांच्या आयुष्याचा हिशोब असा कागदावर आला.

आणखी एक ताजी गोष्ट. 2024 साली याच देवनारच्या जागेतली सुमारे 124 एकर जमीन धारावी पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायचं राज्य सरकारने ठरवलं. 2025 मध्ये पालिकेने तिथला सुमारे 185 लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी निविदा काढली. 1899 पासून साचलेला ढीग हलवायचा आणि त्या जागी गरिबांना राहायला पाठवायचं. वाचकांनी स्वतःच विचार करावा.

शहराचा कचरा, खेड्याची विहीर

मुंबईने जे केलं तेच पुढे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराने केलं. पुण्याचा कचरा हडपसरच्या पलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवेवर पडू लागला. ही बागायती गावं, विहिरींना पाणी. कचऱ्यावर पाऊस पडला की तो ढिगातून झिरपतो आणि खाली काळं, घाण पाणी उतरतं. ते ओढ्यात जातं, जमिनीत मुरतं, विहिरीत येतं. विहीर डोळ्यांदेखत भरलेली आणि प्यायला टँकर! या गावच्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, पोलिसांचा मार खाल्ला. 2017 साली ही गावं पुणे महापालिकेत घेतली गेली आणि 2024 मध्ये पुन्हा वेगळी काढून त्यांची नगरपरिषद झाली. हद्दी बदलल्या, पण विहिरीचं पाणी हद्द ओळखत नाही.

औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची गोष्ट तर आपल्यापैकी अनेकांच्या नातेवाइकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. बाबासाहेबांनी जिथं नागसेनवन फुलवलं, मिलिंद महाविद्यालय काढलं, ते हे शहर. या शहराचा कचरा तीस वर्षांहून अधिक काळ नारेगावला पडत होता. 16 फेब्रुवारी 2018 पासून नारेगाव आणि आसपासच्या गावांनी कचऱ्याच्या गाड्या गावात येऊ देणं बंद केलं. झालं! दोन-चार दिवसांत शहरात चौकाचौकांत ढीग लागले. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. मग पालिका नवी जागा शोधू लागली. आज या गावाला गाडी, उद्या त्या गावाला. 7 मार्चला मिटमिट्याला गाड्या पोहोचल्या तेव्हा दगडफेक, जाळपोळ झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, घरात शिरून माणसांना मारल्याच्या तक्रारी झाल्या.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, तीस वर्षं एका गावाने घाण निमूट सोसली म्हणून शहराला कचऱ्याचा विचारच करावा लागला नव्हता. आणि दोन, ज्या दिवशी गावाने “नाही” म्हटलं, त्या दिवशी शहराला ओला-सुका कचरा वेगळा करण्याची आठवण झाली. चिकलठाणा, पडेगाव इथं प्रक्रियेची कामं सुरू झाली ती त्यानंतर. खेड्यातल्या आपल्या आजोबांनी ढोर ओढायला नकार दिला, तेव्हा गावाला जशी आपली घाण प्रथमच दिसली, तसाच हा प्रकार. नकारात मोठी ताकद असते.

रात्रीच्या अंधारात

हे झालं पालिकेच्या गाड्यांचं. पण शिवार नासतं ते त्याहून अधिक चोरून टाकलेल्या कचऱ्याने. इमारत पाडली की तिचा राडारोडा ट्रकमध्ये भरून रात्री खाडीच्या तिवरांत, नदीपात्रात किंवा गायरानात ओतायचा, हा धंदाच झाला आहे. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून पोती खाली ढकलून द्यायची. कंपनीचा माल, दवाखान्याच्या सुया, सलूनमधले केस, चिकनच्या दुकानातली पिसं, सगळं हायवेच्या कडेला. गायरान तर कुणाचंच नाही असं समजून वापरलं जातं. वास्तविक भूमिहीन माणसाची शेळी तिथंच चरते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात ज्या पडीक जमिनींसाठी आपली माणसं तुरुंगात गेली, त्यांची ही किंमत!

आणि खेड्यातल्या माणसानेही शहरावर सगळं ढकलून मोकळं होऊ नये. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅग खेड्यात आल्या. उकिरडा तोच राहिला, पण त्याच्या पोटात न कुजणारी वस्तू गेली. आता उकिरडा शेतात नेला तर पिकाआधी प्लास्टिक वर येतं. गाय-म्हैस खरकट्याच्या वासाने पिशवीसकट गिळते. ते पोटात गोळा होऊन बसतं आणि जनावर झुरून मरतं. ओढ्यात पत्रावळी-ग्लास थर्माकोलचे. सहलीची मंडळी गड-किल्ल्यांवर, धबधब्यांवर जे टाकून येतात ते वेगळंच. आपली लेणीही सुटलेली नाहीत. कान्हेरीच्या डोंगरात उपासक-उपासिकांनी पाण्याची टाकी खोदवून दान दिली. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. तहानलेल्या भिक्खूसाठी, वाटसरूसाठी दिलेलं ते दान. आज ठिकठिकाणच्या लेण्यांतल्या अशा टाक्यांत पाण्याच्या बाटल्या तरंगताना दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याला काय वाटेल?

कायदे आले, पण...

कायदे नाहीत असं नाही. बंगळूरूजवळच्या आपल्या घराच्या परिसरात शहराचा कचरा उघड्यावर पडतो हे पाहून अल्मित्रा पटेल या इंजिनियर बाईंनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून 2000 साली देशात प्रथम शहरी घनकचऱ्याचे नियम झाले. उघड्यावर कचरा ओतू नका, ओला-सुका वेगळा करा, प्रक्रिया करा, हे सगळं त्यात होतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिक सापडलं. तेव्हा 2006 साली महाराष्ट्राने न कुजणाऱ्या कचऱ्याचा कायदा केला. 2016 मध्ये नवे नियम आले. त्यात राडारोड्यासाठी वेगळे नियम झाले. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी झाली, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. कागदावर काही कमी नाही. कमी आहे ती आपल्या हातांत.

कायद्याशिवाय माणसांनीही काम केलं. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. दिवसा रस्ता झाडायचे आणि रात्री कीर्तनातून डोकी झाडायचे. बाबासाहेबांवर त्यांचा किती जीव होता! पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. त्यांच्याच नावाने 2000 सालापासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान झालं आणि अनेक गावांनी अंग मोडून काम केलं. पुण्यात 1993 साली डॉ. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली. ज्या बायांना लोक हिडीसफिडीस करायचे, त्यांना ओळखपत्र मिळालं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. बाबासाहेबांच्या विचाराचंच हे पुढचं पाऊल. काम असेल तर त्याला मजुरी, हातमोजा, पेन्शन आणि मान मिळाला पाहिजे. वतनासारखं जन्माला चिकटलेलं नको.

विनयातली एक गोष्ट

आपल्या धम्मात या विषयाला जागा आहे का, असं कुणी विचारलं तर विनयपिटक उघडून दाखवावं. एका भिक्खुणीने आपल्या विहारातली घाण भिंतीवरून बाहेर फेकली. ती नेमकी रस्त्याने चाललेल्या एका ब्राह्मणाच्या डोक्यावर पडली. तो संतापला, विहार पेटवून द्यायला निघाला. पुढे भगवंतांपर्यंत ही गोष्ट गेली आणि नियम झाला की, भिक्खुणीने मल-मूत्र, केरकचरा किंवा उष्टं-खरकटं भिंतीपलीकडे, कुंपणापलीकडे टाकायचं नाही आणि दुसऱ्याकडून टाकवायचंही नाही. त्याच्या पुढचाच नियम असा की, हिरव्या पिकावर हे टाकायचं नाही. हा नियम झाला तो शेजारच्या एका शेतकऱ्याच्या जवाच्या शेतात कचरा फेकला गेला म्हणून. मला वाटतं, ‘टाकवायचंही नाही’ हे शब्द फार मोलाचे आहेत. मी नाही टाकला, गाडीवाल्याने टाकला, असं म्हणून सुटका नाही.

दुसरी गोष्ट आनंदाची. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचं हा भिक्खू करणार काय? आनंदाने सांगितलं की, ज्यांची चीवरं फाटली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचं? गाद्यांच्या खोळी. मग अंथरुणं, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि तीही फाटली की? कुटून चिखलात मिसळायची आणि त्याने जमीन सारवायची. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. आपल्या आजीच्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचं पोतेरं होत होतं, त्याची मुळं किती खोल आहेत पाहा.

तिसरी गोष्ट सुनीताची. राजगृहाच्या रस्त्यावरची सुकलेली फुलं, केर उचलून पोट भरणारा हा माणूस. लोकांसमोर मान खाली घालून चालायचा. तथागतांनी त्याला “ये भिक्खू” म्हणून संघात घेतलं आणि तो अर्हत झाला. भगवंतांनी केर उचलणाऱ्याला हीन मानलं नाही आणि केर भिंतीपलीकडे फेकणाऱ्याला मोकळं सोडलं नाही. दोन्ही बाजू एकत्र लक्षात ठेवल्या पाहिजेत.

आता आपली पाळी

इथवर इतिहास झाला. आता थोडं कडू बोलायचं आहे, ते आपलेपणाने घ्यावं.

आपल्या समाजातली पहिली-दुसरी पिढी शिकली, नोकरीला लागली, चाळीतून फ्लॅटमध्ये गेली. फार आनंदाची गोष्ट आहे. पण वस्तीमागच्या नाल्यात तिसऱ्या मजल्यावरून पिशव्या पडतात तेव्हा त्या फेकणारे हात कुणाचे? 14 एप्रिलची मिरवणूक पुढे गेली की मागे रस्त्यावर ग्लास आणि पाण्याच्या पाऊचचा सडा असतो. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला, भीमा कोरेगावला लाखोंच्या संख्येने आपण जातो. अन्नदान होतं, पाणी वाटलं जातं, त्यामागची श्रद्धा खरी आहे. पण 7 डिसेंबरच्या पहाटे शिवाजी पार्कवर जो कामगार वाकून आपण टाकलेली पत्रावळ उचलतो, तो कोण आहे? बहुतेक वेळा आपलाच कुणी भाऊ, आपलीच कुणी बहीण. तोही बाबासाहेबांचं नाव घेऊनच जगतो. ज्यांच्या वाडवडिलांना दुसऱ्याची घाण ओढायला लावली, त्यांनी आपली घाण आपल्याच भावावर सोपवावी, याहून मोठा विरोधाभास कोणता?

यावर कुणी म्हणेल, मोठे कारखानदार, बिल्डर, पालिका सगळं नासवतात आणि तुम्ही गरिबाच्या पत्रावळीवर बोट ठेवता! हा आक्षेप खोटा नाही. मोठ्यांना जाब विचारलाच पाहिजे, ग्रामसभेत, वॉर्ड सभेत, कोर्टात. पण जाब विचारणाऱ्याचा स्वतःचा उंबरठा स्वच्छ असला तरच आवाजाला धार येते. बाबासाहेब सरकारशी भांडले, सवर्णांशी भांडले आणि त्याच सभेत आपल्या माणसांना नीटनेटकं राहा, वाईट चाली सोडा असंही सांगत. दोन्ही एकाच वेळी.

तेव्हा या वर्धापनदिनी मोठमोठे ठराव नकोत. विहारापुरत्या चार गोष्टी ठरवूया. विहारातल्या भोजनदानाला स्टीलच्या ताटल्या-ग्लास वापरायचे, त्यासाठी भांड्यांचा एक संच दानातून उभा करता येईल. वंदनेला आलेली फुलं प्लास्टिकच्या पिशवीत भरून नाल्यात न टाकता विहाराच्या आवारात खड्डा करून त्यांचं खत करायचं. महिला मंडळाने आठवड्याला एकदा घरोघरचा सुका कचरा वेगळा जमा करून वेचणाऱ्या ताईंना हाताला हात लावून, मानाने द्यायचा. आणि आपल्या वस्तीच्या मागे कुणी रात्री राडारोडा आणून ओतत असेल, तर गाडीचा नंबर लिहून घेऊन सगळ्यांनी मिळून वॉर्डात तक्रार द्यायची. एकट्याने नव्हे, कारण एकट्याला धमक्या येतात.

गावकूस मोडायला आपल्या मागच्या पिढ्यांनी फार किंमत मोजली. आपल्या कचऱ्याने दुसऱ्या कुणाच्या दारात नवं गावकूस उभं राहू द्यायचं नसेल, तर ‘बाहेर’ नावाची जागाच नाही, हे मुलांना पहिल्यांदा शिकवलं पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!